हॅमर शॉपची हातबोली

किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही. लोणच्याच्या बरणीत एक फोड काढायला चमचा घालावा आणि चार फोडी चिकटून वर याव्यात, तसं त्यांचं असतं. आमच्या सातपूरच्या कॉलनीत दुपारी बायका धान्य निवडायला बसल्या, की तांदळात खड्यांपेक्षा कारखान्याचे किस्सेच जास्त निघतात! त्यातले निम्मे आमच्या यांच्या हॅमर शॉपचे.

मी स्वतः त्या शॉपमध्ये फक्त खंडेनवमीच्या पूजेला जाते, आणि तेव्हा हॅमर बंद असतात. मग मला तिथलं एवढं कसं ठाऊक? तर एका नवसामुळे.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. हे तेव्हा टेम्पररी होते. दर सहा महिन्यांनी ब्रेक, मग पुन्हा गेटवर उभं राहायचं. मी सोमेश्वराला बोलले, "यांना पर्मनंट होऊ दे, श्रावणातल्या सगळ्या सोमवारी मी मौन धरीन." आणि श्रावणाच्या तोंडावर यांच्या हातात पर्मनंटची ऑर्डर आली! देवानं माझं ऐकलं होतं, आता गप्प बसणं मला भाग होतं.

पहिल्या सोमवारी हे फर्स्ट शिफ्ट करून चारला घरी आले आणि नेहमीसारखे ओरडले, "अगंऽ चहा टाक!" मी टाकला. "साखर कमी आहे का गं?" मी मान हलवली. "अगं, बोल की! काय झालं?" मी देवाकडे बोट दाखवलं. मग यांना आठवलं. हसले आणि म्हणाले, "एवढंच ना? मग आमच्या पद्धतीनं बोल."

त्यांची पद्धत म्हणजे हात. हॅमर शॉपमध्ये लालबुंद लोखंडावर मोठाले घण पडतात. जमीन हादरते, शेजारच्या कॅन्टीनमध्ये कपातला चहा थरथरतो. शेजारी उभ्या माणसाचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. म्हणून तिथली चाळीस माणसं दिवसभर हातांनीच बोलतात. कपाळावर आडवी दोन बोटं ओढली की फोरमन, कारण ते गंध लावतात. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. डोक्यावर दोन्ही हातांचं छप्पर केलं की 'घरून निरोप आहे'.

चौथ्या सोमवारपर्यंत मला सगळं येऊ लागलं. इतकं आवडलं, की श्रावण संपला तरी मी सोमवारचं मौन सोडलं नाही. आजतागायत चालू आहे.

*

यांच्या हॅमरवर दोघं असतात. लोखंड चिमट्यात धरून फिरवायचं ते गांगुर्डे भाऊंनी, आणि पायानं पेडल दाबून घण पाडायचा तो यांनी. भाऊंचा पंजा खाली झाला की घाव, मूठ वर झाली की थांब. भाऊ मूळचे इगतपुरीकडचे, राहायला आमच्या शेजारीच. त्यांच्या सुमनवहिनी मला ताई म्हणतात.

सुमनवहिनींना दवाखान्यात मुलगी झाली, तेव्हा सोबत मीच होते. दोघी सुखरूप आहेत हे पाहिलं आणि बातमी द्यायला बसनं थेट कारखान्याच्या गेटवर गेले. वॉचमन सटाण्याकडचा. म्हणाला, "काय काम शे, ताई?"

म्हटलं, "गांगुर्डेंना निरोप द्या, मुलगी झाली."

त्यानं केबिनच्या खिडकीतून हात बाहेर काढला, कुणाला तरी काहीतरी केलं, आणि मग शांतपणे रजिस्टर उघडून विचारलं, "तुमचं नाव?"

माझं नाव लिहून होतंय तोवर समोरून गांगुर्डे भाऊ, हात-तोंड धुऊन, केस ओले करून हजर!

मी थक्क. "भाऊ, तुम्हाला कुणी सांगितलं?"

भाऊ हसत म्हणाले, "सगळ्यांनी!"

*

या सवयीचा तोटाही होतो बरं का. येवल्याला यांचे थोरले बंधू असतात. एकदा त्यांना जमिनीच्या कामाचं काही तातडीनं कळवायचं होतं, म्हणून पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावला. तासाभरानं लाईन मिळाली. मी बाकड्यावर बसून बघतेय. यांनी रिसीव्हर मान वाकडी करून खांद्यात धरला आणि दोन्ही हातांनी बोलायला सुरुवात केली! तोंडातून शब्द नाही. हात मात्र सपासप चाललेत. शेवटी नमस्कारसुद्धा केला. तीन मिनिटं झाली, लाईन कट.

चार दिवसांनी भाऊजींचं पोस्टकार्ड आलं. "फोन लागला होता, पण तुझा आवाज आला नाही. तब्येत बरी आहे ना?"

हे वैतागून म्हणाले, "एवढं सविस्तर सांगितलं मी त्याला!"

*

मग कारखान्यात नाडकर्णी साहेब आले. मुंबईहून, नवे मॅनेजर. माणूस सज्जन, पण त्यांना एका शब्दाचं फार वेड होतं: कम्युनिकेशन! येताच त्यांनी तीन नोटीस बोर्ड लावले, सूचनापेट्या बसवल्या, आणि हॅमर शॉपमध्ये चार मोठाले लाऊडस्पीकर टांगले.

पहिल्या दिवशी ऑफिसात बसून त्यांनी माईकवरून पंधरा मिनिटं भाषण केलं. संध्याकाळी हौसेनं शॉपमध्ये आले आणि गांगुर्डे भाऊंना विचारलं, "काय, कसं वाटलं?"

भाऊ साहेबांच्या ओठांकडे बघत होते. अदबीनं म्हणाले, "साहेब, धूळ लय छान पडली!"

खरंच, भाषणभर कर्ण्यांमधून नुसती धूळ पडत होती, आणि सगळे मान वर करून ती बघत होते.

*

त्याच वर्षी कामगारांनी श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची सुट्टी मागितली, ब्रह्मगिरीच्या फेरीला जायला. बदल्यात रविवारी काम करू म्हणाले. चार प्रतिनिधी साहेबांसमोर बसले, त्यांत आमचे हे एक. साहेब म्हणाले, "एक नाही, दोन रविवार लागतील. बाहेर जाऊन आपसात चर्चा करा आणि सांगा."

हे म्हणाले, "झाली चर्चा साहेब. एक रविवार, आणि दुसऱ्याचा अर्धा दिवस."

"अहो, कधी झाली चर्चा?"

"तुम्ही चहा ढवळत होता तेव्हा."

साहेबांनी चमचा खाली ठेवला, चौघांच्या हातांकडे पाहिलं. आठही हात टेबलावर गप्प पडलेले! सुट्टी मिळाली.

आणि त्या फेरीत मी जे पाहिलं, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. डोंगराला वळसा घालून माणसांची नुसती रांग. धुकं, चिखल, शिवनामाचा गजर. सासूबाई हट्टानं बरोबर आलेल्या, आणि एका वळणावर बघते तर त्या नाहीत! सत्तरीची बाई. माझं तर सोमवारचं मौन. तोंडानं हाक मारता येईना, आणि मारली असती तरी त्या गजरात कुणाला ऐकू जाणार?

हे एका मोठ्या दगडावर चढले. दोन्ही हात वर करून बोलले: म्हातारी, हिरवं लुगडं, काठी. पुढे दूरवर एकानं मूठ वर केली. तो यांच्याच शॉपमधला. त्यानं पाठ फिरवून तेच पुढे सांगितलं. त्याच्या पुढे आणखी एक. हात छोटे छोटे होत धुक्यात गेले. मी डोळे मिटून जप धरला.

थोड्या वेळानं धुक्यातून तेच हात एकेक करत परत बोलू लागले. यांनी वाचलं आणि मट्कन दगडावर बसले. मला हातांनी सांगितलं: "बसल्यात. केळी खातायत."

*

आता गांगुर्डे भाऊंचं ऐका.

सुमनवहिनी घरात सारख्या फरशीवर पाय आपटायच्या. भिंतीपलीकडून धप्, धप्. मला वाटायचं, किती भांडतात ही दोघं! आणि भाऊंचीही एक गंमत होती. इतर दिवशी मी काही बोलले, की 'हां, हां वहिनी' करून निघून जायचे. पण सोमवारी, माझ्या मौनाच्या दिवशी, कुंपणाशी उभे राहून हातांनी भरभरून गप्पा मारायचे. पोरीला दात आला, गावाकडे भात लावला, सगळं.

एका सोमवारी ते पाठमोरे असताना माझ्या हातून पाण्यानं भरलेली पितळी कळशी फरशीवर पडली. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. भाऊ हलले नाहीत. शांतपणे जाईच्या वेलाला दोरी बांधत राहिले.

मंगळवारी मी यांना विचारलं, "अहो, गांगुर्डे भाऊंना ऐकू येत नाही का?"

हे एकदम हळू बोलले. हळू बोलताना मी यांना प्रथमच ऐकलं. "तीन वर्षं झाली. काहीच येत नाही. शॉपमध्ये सगळ्यांना माहीत आहे. ऑफिसला कळलं तर नोकरी गेली म्हणून समज."

चाळीस माणसं! तीन वर्षं! आणि एकाही तोंडातून शब्द बाहेर गेला नव्हता. वहिनी फरशीवर पाय का आपटत, ते मला त्या दिवशी कळलं. पायाखालचा हादरा भाऊंना समजायचा. ती त्यांची हाक होती.

*

नाडकर्णी साहेबांनी पुढे धोक्याचा भोंगा बसवला. आग लागली, काही तुटलं, तर वाजवायचा. भोंगा वाजताच सगळ्यांनी बाहेर पळायचं, असा नियम. एक दिवस न सांगता चाचणी घेतली. स्वतः साहेब हातात घड्याळ घेऊन हॅमर शॉपच्या दारात उभे. भोंगा वाजला. सगळ्या सातपूरला ऐकू गेला. मी देवपूजा सोडून अंगणात आले.

शॉपमध्ये एक माणूस हलला नाही!

साहेब दारातून बेंबीच्या देठापासून ओरडले, "अरे, सगळे मेला असता!" त्याच क्षणी, पलीकडच्या टोकाला गांगुर्डे भाऊंनी चिमटा टाकला आणि दोन्ही हात वर करून फिरवले. झटक्यात सगळे हॅमर थांबले, आणि चाळीसच्या चाळीस माणसं बाहेर!

साहेब खूश. म्हणाले, "एका माणसाला तरी भोंगा ऐकू आला. त्याचे कान किती तयार आहेत बघा. याला प्रशस्तिपत्र द्यायचं!"

साहेबांचं वासलेलं तोंड भाऊंनी तेवढ्या लांबून पाहिलं होतं, हे सांगायचं कसं?

भाऊंना ऑफिसात बोलावलं. साहेब मान खाली घालून प्रशस्तिपत्रावर सही करत होते. सही करता करता विचारलं, "पूर्ण नाव?"

भाऊ गप्प.

"गांगुर्डे, पूर्ण नाव सांगा."

भाऊ भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते.

साहेबांनी मान वर केली. पेन तसंच हातात राहिलं.

*

भाऊंना घरी बसवलं. निर्णय होईपर्यंत कामावर यायचं नाही. साहेबांचीही चूक नव्हती. ऐकू न येणारा माणूस हॅमरवर, उद्या काही झालं तर? यांच्या हॅमरवर चिमटा धरायला दुसरा जोडीदार दिला, तर पहिल्याच दिवशी लोखंड वाकडं झालं. हे जेवताना घास हातात घेऊन बसून राहायचे.

सुमनवहिनी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "ताई, पोरगी आत्ता शाळेत जायला लागली. यांना दुसरं काय काम येतं? आन बहिऱ्याला कोण ठेवून घेईल?"

मी सोमेश्वराला गेले, पण काय मागावं तेच कळेना. लपवलेलं पुन्हा झाकलं जाऊ दे, असं कसं मागायचं? शेवटी एवढंच म्हटलं, "देवा, साहेबांना नीट दिसू दे."

साहेबांनी बाहेरून कानाचे डॉक्टर बोलावले. म्हणाले, एकाचंच कशाला, सगळ्या हॅमर शॉपचे कान तपासा. दोन दिवस तपासणी चालली. चाळीस माणसांत नीट ऐकू येणारे किती निघाले? तिघं! तेही त्याच वर्षी लागलेले.

आमच्या यांचे कान निम्मे गेलेले. मी इतकी वर्षं समजत होते, की हे रागीट आहेत, म्हणून ओरडून बोलतात.

*

त्यानंतरच्या सोमवारी दुपारी दाराशी जीप थांबली आणि नाडकर्णी साहेब उतरले. एकटेच. हे शिफ्टवर. मी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं.

साहेब म्हणाले, "मिसेस बोरसे, तुमच्याशी बोलायला आलो. इतकी वर्षं ही माणसं एकमेकांशी बोलतात तरी कशी?"

आला का प्रसंग! मी देवाकडे बोट दाखवलं, मग ओठांवर बोट ठेवलं. साहेबांना काही कळेना. मग मी हातांनी दाखवायला सुरुवात केली. हे पाणी. हा चहा. हा घाव. ही थांब. हा धोका.

साहेब बघत राहिले. मग त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "पुन्हा एकदा. सावकाश."

चारला हे घरी आले. दारात चप्पल काढायला वाकले आणि तसेच राहिले. घरात साहेब आणि बायको समोरासमोर बसून एकमेकांपुढे हातवारे करतायत, तोंडातून शब्द नाही! हे घाबरून म्हणाले, "साहेब, काही चुकलं का?"

आम्ही दोघांनी एकदमच मूठ वर करून यांना थांबवलं.

साहेब जाताना काय ठरलं ते बोलले नाहीत. आणि संध्याकाळी गांगुर्डे भाऊंना निरोप आला: उद्या सकाळी ओळखपत्र घेऊन यावे. वहिनींनी पदरात तोंड लपवलं. ओळखपत्र म्हणजे कायमचंच जमा करून घेणार!

भाऊ लग्नातला शर्ट घालून गेले.

पुढचं मी यांच्याकडून ऐकलं. म्हणजे, पाहिलं. मंगळवार असूनही यांनी ते मला हातांनीच सांगितलं.

सकाळी हॅमर थांबवले. भाऊ दाराशी, ओळखपत्र दोन्ही हातांत धरून उभे. साहेब लोखंडी चौथऱ्यावर चढले. लाऊडस्पीकर बंदच. उजेड तोंडावर येईल असे उभे राहिले आणि त्यांनी हात वर केले.

आधी भोंग्याकडे बोट केलं आणि 'नको' म्हणाले. त्याच्या जागी लाल दिवा, उघडझाप करणारा, चारी भिंतींवर. मग स्वतःच्या कानांत बोटं घातली: यापुढे सगळ्यांनी कानात बोळे घालायचे. अडखळत होते, मध्येच विसरत होते, पुन्हा पहिल्यापासून करत होते. एका ठिकाणी चुकून चहाच सांगितला! चाळीस माणसं श्वास रोखून बघत होती. मग साहेबांनी दाराकडे, भाऊंकडे बोट केलं. आणि दोन्ही तळवे खाली, जमिनीकडे दाबले. एकदा. परत एकदा. इथेच.

शॉपमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आलं असतं. अर्थात, तिघांना.

भाऊ बराच वेळ साहेबांच्या हातांकडे बघत राहिले. मग ओळखपत्र खिशात घातलं आणि यांच्याकडे वळून बोटांनी काहीतरी बोलले. सगळं शॉप खो खो हसायला लागलं. हसता हसता कितीजण डोळे पुसत होते.

साहेब चौथऱ्यावरून उतरले. "काय म्हणाला तो? अहो बोरसे, सांगा ना, काय म्हणाला?"

हे अवघडले. शेवटी साहेबांच्या कानाशी जाऊन ओरडले, "साहेब, तो म्हणतो, साहेबांचा हात अजून बोबडा हाय! पण समदं समजलं!"

भाऊ अजून त्याच हॅमरवर आहेत. संध्याकाळी ओट्यावर मुलीचा अभ्यास घेत बसलेले असतात. तुम्ही कधी आमच्या गल्लीत आलात, तर माझं एवढं ऐका. त्यांना मागून हाक मारू नका. चार पावलं जास्त पडली तरी वळसा घालून पुढे या, साहेब उभे राहिले तसे उजेडात उभे राहा, आणि हात वर करा. हात बोबडा असला तरी चालेल.